आकाशाला कुंपण असावे, पण पाटीही असावी

मनमाडच्या मुलीने बंदराविषयी लिहावे, याची काही वाचकांना गंमत वाटेल. समुद्र आपल्यापासून अडीचशे किलोमीटरांहून दूर. आपल्या वर्गातील निम्म्या मुलामुलींनी तो अजून पाहिलेला नाही, आणि मी स्वतः पाहिला तो शाळेच्या सहलीत, गेटवेच्या कठड्याला टेकून, अर्धा तास. हिंदीत तर ‘बंदर’ म्हणजे माकड, आणि मनमाड जंक्शनवर तीच भाषा अधिक चालते! परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येईल की समुद्र रोज मनमाडला येत असतो. मुंबई बंदरात जवाहर द्वीप नावाचे एक बेट आहे. जुने लोक त्याला बुचर बेट म्हणतात. परदेशातून कच्चे तेल आणणारी जहाजे तेथे लागतात. ते तेल नळांतून माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांत जाते आणि शुद्ध झालेले पेट्रोल, डिझेल जमिनीखालच्या नलिकेतून घाट चढून आपल्या शेजारच्या पानेवाडीच्या टाक्यांत येऊन पडते. ही मुंबई-मनमाड नलिका १९९८ साली सुरू झाली आणि पुढे इंदूरजवळच्या मांगलियावरून थेट दिल्लीकडे बिजवासनपर्यंत गेली. ज्या गावाने नळाच्या पाण्यासाठी वीस-वीस दिवस वाट पाहिली, त्या गावाला तेल मात्र अखंड मिळत आले. असो. सांगायचे एवढेच, की बंदराच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा आपल्याही अंगणातला प्रश्न आहे.

माझे वडील टँकर चालवतात. आगाराच्या फाटकाशी बिडी, काडेपेटी आणि मोबाईल काढून द्यावा लागतो. धुराड्याला ठिणगी अडविणारी जाळी बसविल्याखेरीज गाडी आत जात नाही. तेल भरण्यापूर्वी अर्थिंगची क्लिप लावावी लागते, कारण वाहत्या तेलाने नुसत्या घर्षणाने विजेचा भार साठतो आणि एक बारीकशी ठिणगी पुरते. हे मला पुस्तकाने शिकविलेले नाही. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले, परंतु या विषयात मी त्यांना प्राध्यापक मानते. त्यांना मी एकदा विचारले, “अण्णा, आगारावरून ड्रोन उडवला तर काय होईल?” ते म्हणाले, “अगं, खाली आम्हाला काडेपेटी नेऊ देत नाहीत, आणि वरून बॅटरी जळत खाली आली तर तिला कोण झडती घेणार?”

हा प्रश्न मला का पडला ते सांगते. आपल्याच महाविद्यालयातील एक मित्र लग्नांचे आणि मिरवणुकांचे चित्रण करून स्वतःची फी भरतो. त्याच्याजवळ अडीचशे ग्रॅमांच्या आतला एक छोटा ड्रोन आहे. गेल्या वर्षी एका वऱ्हाडाबरोबर तो कोकणपट्टीतील एका बंदरगावी गेला आणि हौसेने नवरानवरीचे चित्रण करायला त्याने ड्रोन वर सोडला. पाच-सात मिनिटांत दोन सुरक्षा कर्मचारी आले. ड्रोन खाली घेतला, चार तास त्याला बसवून ठेवले, नाव-गाव-जात सारे विचारून झाले, आणि ड्रोन जप्त झाला तो दीड महिन्याने परत मिळाला. तोपर्यंत तीन लग्ने हातची गेली. त्याने त्यांना एवढेच विचारले होते, “साहेब, इथे उडवायचे नाही अशी पाटी कुठे आहे?” उत्तर मिळाले, “इंटरनेटवर आहे.”

मित्रांच्या घोळक्यात ही हकीकत सांगितली गेली तेव्हा सगळ्यांचा सूर एकच होता : गरिबाला छळायचे धंदे आहेत हे. माझे मत तसे नाही. ड्रोन खाली उतरवायला लावला हे योग्यच झाले. उरलेल्या साऱ्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला येथे मांडायचे आहे.

प्रथम, बंदी हवी कशाला ते पाहू. ड्रोन म्हणजे काही पतंग नव्हे. त्याला दिशा कळते ती होकायंत्राने आणि उपग्रहाच्या संदेशाने. बंदरात लोखंडाच्या डोंगराएवढ्या क्रेन उभ्या असतात, जहाजांचे पोलादी देह असतात, त्यांची रडारयंत्रे फिरत असतात. अशा ठिकाणी होकायंत्र बहकू शकते. समुद्रावरचा वारा जमिनीवरच्यापेक्षा जोराचा. शिवाय संपर्क तुटला की ड्रोन जेथून उडाला त्या जागी आपोआप परत येतो, अशी त्याची रचना असते. होडीतून उडविला आणि होडी तोवर पुढे सरकली असेल तर तो पाण्यात जाणार. हे सारे त्या मित्रानेच मला सांगितले. लिथियमची बॅटरी आपटून पेटली तर ती साध्या पाण्याच्या शिडकाव्याने सहजासहजी विझत नाही. तेलाच्या टाकीवर वाफा असतात. यापुढे अण्णांचे वाक्य पुन्हा लिहिण्याची गरज नाही.

जवाहर द्वीपावरच्या डिझेलच्या एका टाकीवर ६ ऑक्टोबर २०१७ रोजी वीज कोसळली आणि ती आग सुमारे तीन दिवस धुमसत राहिली. ते काम निसर्गाचे होते. माणसाने मुद्दाम केले तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. २३ डिसेंबर २०२३ रोजी अरबी समुद्रात, पोरबंदरपासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर, ‘केम प्लुटो’ या रसायनवाहू जहाजावर ड्रोन येऊन आदळला. आग लागली, ती खलाशांनी विझविली, सुदैवाने कोणी दगावले नाही, आणि तटरक्षक दलाच्या सोबतीने ते जहाज दोन दिवसांनी मुंबईस आले. युक्रेनमधील ओडेसा बंदराची धान्याची कोठारे ड्रोनच्या हल्ल्यांत जळाली, हे तर सारे जग जाणते. धान्याच्या कोठाराचे नाव निघाले की मनमाडकराला भारतीय अन्न महामंडळाची आपली गोदामे आठवल्यावाचून राहत नाहीत. तेव्हा ‘एवढेसे खेळणे, त्याने काय होणार’ असे म्हणणाऱ्यांशी माझे मुळीच जमणार नाही.

आता नियमांकडे वळू. २०१४ साली सरकारने खाजगी ड्रोन उडविण्यास सरसकट मनाई केली होती. २०१८ च्या डिसेंबरपासून परवानगीची पद्धत आली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आजचे ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू झाले. या नियमांनी देशाचे आकाश तीन रंगांत वाटले आहे. हिरव्या पट्ट्यात साधारण १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगीवाचून उडविता येते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाते हलवायचे नाही. अडीचशे ग्रॅमांपर्यंतच्या ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोंपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी न वापरणाऱ्यालाही ते लागत नाही. धंद्यासाठी वापरला तर लागते. पण ड्रोन लहान म्हणून लाल पट्टा कोणाला माफ नाही. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पूर्वीचे पंचवीस अर्ज पाचांवर आले, हेही या नियमांचे श्रेय मान्य केले पाहिजे.

याच नियमांतील एक कलम मला फार शहाणपणाचे वाटले. एखाद्या भागात तातडीची गरज पडली तर पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी ‘तात्पुरता लाल पट्टा’ जाहीर करू शकतो. पण एका वेळी ९६ तासांपुरताच, आणि तोही जरुरीपुरत्या लहान जागेवर. म्हणजे कायदा करणाऱ्याला कल्पना होती की बंदी घालण्याची सवय लागते. प्रत्यक्षात काय चालते? मुंबईत ड्रोन, पॅराग्लायडर, गरम हवेचे फुगे यांवर बंदीचे हुकूम निघतात ते एकदम महिनाभराचे, तेही ड्रोन नियमांखाली न काढता जमावबंदीच्या जुन्या १४४ व्या आणि आता नव्या संहितेतील १६३ व्या कलमाखाली, आणि पुनःपुन्हा निघतात. मुंबईवर जे गुदरले ते पाहता पोलिसांना दोष देण्यास जीभ रेटत नाही. परंतु जो हुकूम दर महिन्याला निघतो त्याला तातडीचा म्हणावे काय, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारला पाहिजे.

नियम चांगला असला तरी तो कोठे टांगला आहे? तीन रंगांचा तो नकाशा सरकारी संकेतस्थळावर आहे. मी तो मोबाईलवर उघडून पाहिला. बोटाने नकाशा मोठा करीत करीत मुंबई बंदरापर्यंत गेले. त्यावर मराठी अक्षर मला कोठे दिसले नाही. आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी पहिली, आणि मलाही त्यातील निम्मे शब्द कोशात पाहावे लागले. ज्या कोळ्याच्या अंगणावरून तो लाल रंग गेला आहे, त्याच्या मुलाने काय करावे? रेल्वेचे पहा. फाटकावर पाटी असते, रुळांलगत पाटी असते, विजेच्या खांबावर कवटी आणि हाडे काढलेली असतात. निरक्षर माणसालाही ती कवटी कळते. आकाशाला खांब नाहीत हे खरे, पण जेथून आकाशात उडवितात त्या जमिनीला तर आहेत!

पाटी नसल्याची किंमत काय असते, हे मुंबई बंदराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? १४ एप्रिल १९४४. (आपल्या गावात हा मिरवणुकीचा दिवस; माझ्या मित्राच्या ड्रोनचे सर्वांत सुंदर चित्रणही बाबासाहेबांच्या जयंतीचेच आहे.) त्या दिवशी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज स्फोट होऊन फुटले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याबरोबर कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या. कापूस आणि दारूगोळा एका पोटात! धोक्याचा माल असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचे असा दंडक असताना या जहाजावर ते निशाण नव्हते. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निसुरक्षा सप्ताह पाळला जातो. महायुद्धाचे दिवस असल्याने सरकारने बातमी दाबून धरली. वार्ताहरांना ती पाठविण्याची मोकळीक मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आणि जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने तर ती दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, तपशीलवार सांगून टाकली होती. शत्रूला सर्व माहीत, गावाला काही नाही. धोका कोठे आहे हे लोकांपासून लपविले की शत्रूची अडचण होते, या समजुतीचा याहून स्पष्ट निकाल कोठे लागला असेल?

बंदराचे खरे राखणदार कोण, याविषयीही माझे मत थोडे वेगळे आहे. १ जुलै २००४ पासून जगभर बंदरांसाठी एक आंतरराष्ट्रीय सुरक्षासंहिता लागू झाली. कुंपणे आली, ओळखपत्रे आली, धोक्याचे तीन स्तर ठरले. हे सारे असताना २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले, आणि त्यांना ‘तुम्ही कोण?’ असे पहिल्यांदा हटकले ते तेथील कोळी बांधवांनी. ती वार्ता पोलिसांपर्यंत गेली, पण तिची वेळीच दखल घेतली गेली नाही. त्याआधी, १९९३ साली, रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला आणि दिघीला स्फोटके उतरली तेव्हा कुंपण आतूनच उघडले गेले होते; सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील माणसांना पुढे न्यायालयाने शिक्षा दिल्या. १२ मार्चच्या त्या स्फोटांत २५७ माणसे मेली.

आपल्या पानेवाडीची गोष्टही याच जातीची आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना येथे तेलचोरी व भेसळ करणाऱ्यांनी भर दिवसा जिवंत जाळले. तो काळा धंदा ते आपल्या मोबाईलवर टिपत होते, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले होते. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. पण त्या दिवशी अण्णा घरी येऊन जेवले नाहीत, हे आई अजून सांगते. मला म्हणायचे आहे ते असे, की तेलाच्या जागेला धोका आकाशातून येतो तसा शेजारच्या ढाब्यावरूनही येतो; आणि तो दाखवून देणारा माणूस पुष्कळदा हातात कॅमेरा असलेला एक साधा माणूसच असतो. प्रत्येक कॅमेऱ्याला संशयित मानून आपण नेमके कोणाचे काम सोपे करतो?

नियमांची माहिती नसली की तिची जागा अफवा घेते. २०२४ च्या उन्हाळ्याअखेरीपासून पावसाळ्यापर्यंत बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशा जिल्ह्यांत रात्री ड्रोन फिरतात आणि मागाहून चोर येतात अशी हूल उठली होती. वैजापूर तालुक्यात माझी मावशी असते. तिच्या वस्तीवर महिनाभर माणसे काठ्या घेऊन जागत होती. दिवसा कपाशी खुरपायची आणि रात्री आकाशाकडे पाहत बसायचे. मावशी म्हणे, “बाई, तारा हलला तरी पोरं ओरडायची.” कोणाचा ड्रोन, कशासाठी, कोणाच्या परवानगीने, हे वस्तीवर येऊन कोणी सांगितले नाही. यात केवळ आपलीच माणसे भोळी असे समजू नये. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळचा गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या वार्तेने बंद पडला, सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवासी अडकले, एका निरपराध जोडप्याला पकडून सोडावे लागले, आणि तो ड्रोन काही सापडला नाही.

दुसऱ्या बाजूने सरकार स्वतः ड्रोन वापरते, आणि ते वापरावेत असेच मी म्हणेन. जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणी सुरू केली. एलईडीचे दिवे लावून आणि बेकायदा जाळ्यांनी मासळीचे बी संपविणाऱ्या नौका त्यामुळे पकडता याव्यात, हा हेतू. लहान कोळ्याच्या हिताचीच ही गोष्ट. पण ज्याच्या होडीवरून सरकारचा ड्रोन रोज जातो, त्याला स्वतःच्या मुलाच्या हातातला ड्रोन कोठपर्यंत चालेल हे कोणी सांगायचे? पालघर जिल्ह्यात वाढवण येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी नव्या बंदराची पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटींहून अधिक. बंदराला विरोध करणाऱ्या मच्छीमारांचे म्हणणे बरोबर की सरकारचे, हा या लेखाचा विषय नव्हे. एवढे मात्र दिसते की आज जेथे सुकी मासळी वाळत घातली जाते, तेथे उद्या जमिनीवर तारेचे कुंपण येईल आणि आकाशात न दिसणारे. जमिनीच्या कुंपणाची निदान नोटीस निघते, तलाठी येतो, चावडीवर कागद लागतो. आकाशाच्या कुंपणाचा कागदही चावडीवर लागावा, ही मागणी काही क्रांतिकारक आहे असे मला वाटत नाही.

काही प्राध्यापकांशी बोलताना एक आक्षेप निघाला. पाटी लावणे म्हणजे ‘येथे महत्त्वाचे काही आहे’ असे शत्रूला सांगणे नव्हे काय? मला यात तथ्य वाटत नाही. पानेवाडीच्या पांढऱ्या टाक्या अनकाईच्या किल्ल्यावरून कोणालाही दिसतात. उपग्रहाच्या छायाचित्रात तर त्या घरबसल्या मोजता येतात. मुंबई बंदर काय लपणार? लपून राहतो तो फक्त नियम. वाईट हेतूने येणारा माणूस नकाशा पाहूनच येतो. पाटीवाचून अडखळतो तो लग्नाचे चित्रण करणारा पोरगा.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. बंदर, तेलाचे आगार, धान्याची कोठारे यांच्याभोवती ड्रोनला बंदी असावी, आणि ती कडक असावी. पण तिची हद्द किती मीटर, हे त्या हद्दीवर, रस्त्याच्या कडेला, मराठीत आणि चित्राने सांगितलेले असावे. मच्छीमार सोसायटीत, बसस्थानकावर, लग्नाच्या कार्यालयात तोच कागद लागावा. नजरचुकीने शिरलेल्याचा ड्रोन उतरवून, नाव लिहून घेऊन, समज देऊन सोडावे. दीड महिना जप्ती म्हणजे गरिबाचा वर्षाचा हंगाम. जातीची चौकशी कोणत्याही नियमात बसत नाही, ती तर नकोच. आणि तात्पुरत्या बंदीला कायद्याने दिलेली ९६ तासांची मर्यादा पाळावी; वाढवायची असेल तर कारण सांगून वाढवावी.

यातील बहुतेक गोष्टी आपल्या हातात नाहीत हे मला कळते. एक मात्र आहे. भूगोल विभागाच्या सरांना मी विनंती केली आहे की नांदगाव तालुक्याच्या नकाशावर हे तीन रंग आपण विद्यार्थ्यांनीच भरावेत, खाली मराठीत नियम लिहावेत, आणि तो नकाशा महाविद्यालयाच्या फलकावर व ग्रामपंचायतींत लावावा. सरांनी होकार दिला आहे. रंगविण्याचे काम त्या चित्रणवाल्या मित्राने अंगावर घेतले आहे, आणि टँकरचालकांच्या चहाच्या टपरीवर एक प्रत लावण्याची जबाबदारी अण्णांकडे आहे. ज्यांना यात सामील व्हायचे असेल त्यांनी दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या शनिवारी भूगोल विभागात यावे. रंगपेट्या आपापल्या आणाव्यात.